पुसलेली टिंबे

आम्हां वेंगुर्ल्याकडच्या मुलांच्या बोलण्याला वर्गात 'गेंगाणे' हे विशेषण ठरलेले आहे. त्यापायी माझ्या गावच्या एका मुलाने तासाला उत्तर देणेच सोडले, म्हणून हा विषय थोडा अभ्यासून मांडतो आहे.

आधी शरीराचे पाहू. पडजिभेकडची मऊ टाळू वर उचलली गेली की नाकाची वाट बंद होते; ती खाली आली की हवा तोंडाबरोबर नाकातूनही जाते. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या तोंड व नाक मिळून उच्चारलेला वर्ण, अशीच केली आहे. टाळू दुभंगलेली असेल तर ही वाट मिटत नाही आणि नको तेथेही आवाज नाकातून फुटतो. त्यावर डॉक्टरी उपचार आहेत. (सर्दीत उलटे होते. नाक चोंदल्यामुळे 'माझे'चे 'बाझे' होते. म्हणजे तेव्हा नाकात बोलताच येत नाही! लोक मात्र त्यालाही गेंगाणेच म्हणतात.) कोकणातला माणूस सरसकट नाकात बोलत नाही. ठरावीक जागीच बोलतो, आणि ती जागा बहुधा व्याकरणाची असते.

कोकणीत 'ते' म्हणजे अनेक पुरुष, 'तें' म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू. 'ती' एक स्त्री, 'तीं' अनेक नपुंसकलिंगी. आमच्या मालवणीतही 'माझां घर' म्हणताना 'झां' नाकातून येतो, कारण घर नपुंसकलिंगी. ग्रंथालयातले एखादे जुने मराठी पुस्तक उघडून पाहा. 'तें मूल', 'तीं मुलें' अशी टिंबे तेथे जागोजाग दिसतील. देशावर हा उच्चार केव्हाच मावळला होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ती टिंबे लेखनातूनही काढली. शाळकरी मुलांची त्याने सोय झाली, हे मान्यच. पण आता 'ती' एवढेच लिहिले तर एक मुलगी की पुष्कळ मुले, हे पुढचा शब्द आल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे कानाला कळते.

हिंदीच्या पेपरात 'है' आणि 'हैं' यांची गल्लत केली तर गुण जातात. फ्रेंच शिकणारे तर नाकातले स्वर साधावेत म्हणून धडपडतात. त्यांना कोणी गेंगाणे म्हणत नाही. तोच स्वर वेंगुर्ल्याच्या एस.टी.तून उतरला की हसू का येते, याचे उत्तर मला ध्वनिशास्त्रात सापडले नाही.

आपल्या वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रकात 'शुद्ध उच्चार' असा एक रकाना असतो. तो कसा भरतात, हे परीक्षकांना विचारायचे आहे.