उद्योगाची अमानत : आधी फर्ज, मग नफ्ल

प्रत्येक मनुष्य आपापल्या जागी राखणदार आहे आणि ज्यांची राखण त्याच्याकडे सोपविली आहे त्यांच्याविषयी त्याला जाब द्यावा लागेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. कंपनीचा प्रमुखही असाच राखणदार होय. भांडवल भागधारकांचे असेल; परंतु कारखाना वापरतो ते पाणी, हवा आणि जमीन ही अल्लाहची अमानत आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. पर्यावरणरक्षण हे त्यांपैकीच एक कार्य. मात्र व्यवसायाची नेहमीची कामे या खर्चात धरली जात नाहीत. यातील बोध महत्त्वाचा आहे : स्वतःचे सांडपाणी शुद्ध करणे हा दानधर्म नव्हे, ते कर्तव्य आहे.

फिकहशास्त्राचा नियमही हाच प्राधान्यक्रम सांगतो : लाभ मिळविण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे आहे. ओढ्यात रसायन सोडून डोंगरावर झाडे लावणारा मालक फर्ज टाळून नफ्ल अदा करीत असतो. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याचे बुडालेले पीक हा हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचा हक्क आहे. तो भरून दिल्याशिवाय किंवा त्या शेतकऱ्याने माफ केल्याशिवाय केवळ सदक्याने फिटत नाही.

म्हणून उद्योगप्रमुखाने तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. आपल्या उत्पादनामुळे कोणाची हानी होत आहे? झालेल्या हानीची भरपाई दिली काय? त्यानंतर, दान किती करावे? नफ्याचा हिशेब ज्या काटेकोरपणे ठेवला जातो, त्याच काटेकोरपणे पाणी, इंधन आणि कचरा यांचाही ठेवावा. घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांचा सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये कठोर निषेध आहे. निसर्गाकडून शुद्ध पाणी घेऊन विष परत करणे, हीदेखील मापातील खोटच नव्हे काय?

हा प्रश्न केवळ बड्या कंपन्यांचा नाही. भिवंडी-मालेगावातील आमच्या बांधवांच्या सायझिंग व रंगाई कारखान्यांना कलम १३५ लागू नसेलही. आखिरतचा जाब मात्र सर्वांना आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना ही अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.