धडा घडाघडा, गणित मात्र अडतं

प्रश्न : सहावीची मुलं मराठीचा धडा घडाघडा वाचतात, पण शाब्दिक उदाहरणं, विज्ञानाचे उतारे आले की गप्प. वाचन शिकवणं भाषेच्या शिक्षकांचंच काम ना?
– गणित-विज्ञान शिक्षिका, पौड (ता. मुळशी)

उत्तर : बाई, मुलं कच्ची नाहीत. प्रत्येक विषय वाचण्याची रीत निराळी असते आणि ती त्याच तासाला शिकवावी लागते.

'60 आंब्यांपैकी 15 पिकले. उरलेले 5 पेट्यांत सारखे भरले. एका पेटीत किती?' मुलं घाईने 60 ला 5 ने भागतात. आकडे झाकून आधी काय घडलं ते सांगायला लावा. गाडी कुठे अडते ते लगेच कळतं.

विज्ञानात मजकूर आणि आकृती सोबत वाचाव्या. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जातं; आकृतीतल्या बाणांवर बोट ठेवून ऊर्जा कुठे, कशी बदलली ते मुलांनी बोलावं. याच धरणाविरुद्धचा 1921 चा सत्याग्रह इतिहासात वाचताना पहिला प्रश्न वेगळा : हे कुणी, केव्हा लिहिलं?

तासातली दहा मिनिटं पुरतात. जे मूल मराठीतही अडखळतं, त्याची नजर मात्र आधी तपासून घ्या. पायाभूत वाचनाचा सराव वेगळा द्या आणि तोवर उदाहरण वाचून दाखवा, म्हणजे त्याचं गणित थांबणार नाही.