तारेतून येणारी चित्रे आणि त्यांचे पत्ते

चेन्नईच्या वायव्येस असलेले अंबत्तूर २०११ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील एखाद्या घरी सायंकाळी दूरचित्रवाणी संच लावला असता पडदा काळाच राहिला, असे समजा. तार तुटलेली नाही, पेटीही बिघडलेली नाही. मग चित्र गेले कोठे?

जुन्या केबल पद्धतीत प्रत्येक वाहिनीस कंप्रतेचा स्वतंत्र पट्टा असे. चेन्नईत १ सप्टेंबर २००३ पासून सशुल्क वाहिन्यांसाठी पेटी सक्तीची झाली, आणि पुढे सर्वच प्रक्षेपण अंकीय झाले. अंकीय पद्धतीत ८ मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यातून सेकंदास सुमारे ३ कोटी ८० लक्ष बिट वाहू शकतात. एवढ्यात अनेक वाहिन्या सामावतात. त्यांची चित्रे व ध्वनी १८८ बाइटांच्या पुडक्यांत विभागून एकाच प्रवाहात मिसळलेले असतात. प्रत्येक पुडक्यावर ० ते ८१९१ यांपैकी एक क्रमांक असतो.

या गर्दीतून हवी ती वाहिनी निवडता यावी म्हणून मुख्य केंद्रातील अभियंता तीन घटक नेमतो : जाल, जालातील प्रवाह, आणि प्रवाहातील सेवा, म्हणजे आपली वाहिनी. हे घटक हातात धरता येत नाहीत. ते केवळ क्रमांक होत. अभियंते त्यांना ‘तार्किक’ म्हणतात. प्रस्तुत अनुवादकास प्रथम ‘कल्पित’ हा शब्द सुटसुटीत वाटला होता. परंतु कल्पित वस्तू चुकल्याने कोणाच्या घरचे चित्र जात नाही, येथे मात्र जाते.

पेटी सुरू होताच क्रमांक १६ च्या पुडक्यांतील जालकोष्टक वाचते. कोणता प्रवाह कोणत्या कंप्रतेवर आहे, हे त्यात लिहिलेले असते. त्या कंप्रतेवर जाऊन ती क्रमांक ० ची पुडकी उघडते. तेथे प्रत्येक सेवेच्या नकाशाचा पत्ता मिळतो. चित्र कोणत्या पुडक्यांत व ध्वनी कोणत्या, हे अखेर त्या नकाशावरून कळते. एका प्रवाहात दोन सेवांना एकच क्रमांक देता येत नाही. निरनिराळ्या प्रवाहांत तो चालतो. एकाच नावाची दोन मुले एका वर्गात गोंधळ करतील, दोन शाळांत करणार नाहीत.

आता समजा, केंद्राने एक प्रवाह ३०६ वरून ३१४ मेगाहर्ट्‌झवर हलविला, पण जालकोष्टकात ३०६ च राहिले. पेटी बिचारी कोष्टकावर विसंबून जुन्या जागी जाते आणि तेथे तिला काहीच सापडत नाही.

याहून फसवी चूक वेगळीच. कोष्टकात ३१४ लिहिले, तरी पडदा काळाच! प्रत्येक कोष्टकास ० ते ३१ यांपैकी आवृत्तिक्रमांक असतो. ३१ नंतर पुन्हा ० येतो. तो बदलला नाही, तर पेटी ‘हे आपण वाचलेले आहे’ असे मानून नवा मजकूर पाहतच नाही. अभियंत्याने तो आकडा एकाने वाढविला, की ती कोष्टक नव्याने वाचते, आणि अंबत्तूरच्या त्या घरी चित्र उमटते.