ऋतुजा, मधलं नाव आत्ताच ठरव

सातारा



तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. पण प्रश्न तू अगदी वेळेवर विचारलास. लग्न मार्गशीर्षात, मग लगेच अमेरिकेच्या एच-४ व्हिसाचा, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज. त्याआधी पासपोर्टवर ‘ऋतुजा अमोल जाधव’ करून घ्या, म्हणजे पुढे अडचण नको, असा कराडहून, तुझ्या होणाऱ्या सासरकडून निरोप आलाय. माझं मत विचारलंस तर पासपोर्टला हात लावू नकोस. का, ते सविस्तर लिहिते. हे पत्र अमोलरावांना आणि त्यांच्या आईंनाही वाचायला दे. त्यांना दुखवायचा हेतू नाही. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यावरचा उपाय चुकीचा आहे.

माझी सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली हे तुला ठाऊक आहेच. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. शाळा सोडून दहा-दहा वर्षं झालेली मुलं, कुणी दुबईला, कुणी जर्मनीला निघालेली, घामाघूम होऊन दारात उभी राहायची. दाखल्यावर वडिलांचं नाव ‘दिलीप’, आधारवर ‘दिलीपराव’, पॅनवर नुसतंच ‘डी.’. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधलं नाव आम्हाला आमच्या मर्जीनं बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. व्हिसाची तारीख पंधरा दिवसांवर आलेल्या पोराला हे सांगताना जीव तुटायचा. म्हणून तुला आधीच सांगते आहे.

आता तुझा पासपोर्ट समोर घे. आपल्या भारतीय पासपोर्टवर नावाचे रकाने दोनच आहेत, नाव आणि आडनाव. मधल्या नावाला वेगळी जागा नाही. आपण मराठी माणसं लहानपणापासून तीन नावं लिहितो, त्यामुळे वडिलांचं नाव बहुतेक घरी पहिल्या रकान्यात जातं. तुझंही तसंच आहे. ‘ऋतुजा दिलीप’ एका रकान्यात, ‘पाटील’ दुसऱ्यात. त्याच पानाच्या तळाला चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी आहेत, त्या यंत्रासाठी. त्यातल्या पहिल्या ओळीत आधी आडनाव, मग ‘<<’ अशी जोडखूण, मग ऋतुजा, एक खूण, मग दिलीप. विमानतळावरचं यंत्र तुला या ओळीतूनच ओळखतं. वडील तिथे मधलं नाव म्हणून येत नाहीत, तुझ्याच नावाचा दुसरा भाग म्हणून येतात.

व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातही असे दोनच रकाने आहेत, त्यामुळे तिथे पासपोर्ट बघून जसंच्या तसं भरायचं. खरी गडबड पुढे होते. अमेरिकेत पोचल्यावर मुदतवाढीचे, कामाच्या परवान्याचे, कधी काळी ग्रीन कार्डचे जे अर्ज तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे जातात, त्यांत रकाने तीन असतात. आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव. तिथे एकदा ‘ऋतुजा दिलीप’ पहिल्या रकान्यात गेलं आणि पुढच्या वेळी दिलीप मधल्या रकान्यात, की एका माणसाच्या दोन नोंदी दिसू लागतात. विमान कंपन्या तर दोन्ही शब्द चिकटवून तिकिटावर ‘ऋतुजादिलीप’ छापतात. त्याला घाबरू नकोस, ते चालतं. पण अर्जांच्या बाबतीत अमोलरावांच्या कंपनीच्या वकिलांशी बोलून तीन रकान्यांत काय लिहायचं ते एकदा ठरव, एका कागदावर उतरव आणि मग दरवेळी तेच लिही. मला विचारशील तर जिथे मधला रकाना आहे तिथे दिलीप मधल्याच रकान्यात शोभतो.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवलेल्यांचे हाल तर विचारू नकोस. कागदावर एकच शब्द असेल तर अमेरिकेचा व्हिसा तो शब्द आडनावात टाकतो आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतो, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मग बँकेत, दवाखान्यात सगळीकडे तेच नाव होऊन बसतं. २०२२च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातींनी पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या लोकांची किती धावपळ झाली. तुझं तसं नाही, हे दिलीपचं शहाणपण.

माझी एक विद्यार्थिनी मिरजेत नर्सिंग शिकून आता टेक्सासच्या हॉस्पिटलात आहे. तिच्या वॉर्डात निम्म्या नर्स फिलिपाइन्सच्या. त्यांचंही मधल्या नावावरून असंच होतं, असं ती सांगते, पण कारण वेगळं. त्यांच्याकडे मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव येतं. लग्न झालं की बाईचं स्वतःचं माहेरचं आडनाव त्या मधल्या जागी सरकतं आणि शेवटी नवऱ्याचं येतं. १९८६ साली त्यांच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन अक्विनो लग्नाआधी कोराझोन सुमुलोंग कोहुआंको होत्या, लग्नानंतर कोराझोन कोहुआंको अक्विनो. आईकडचं सुमुलोंग गेलं, पण माहेर नावात राहिलं. आपल्याकडे मात्र लग्नानंतर माहेर नावातून पुसलंच जातं. बापाच्या जागी नवरा येतो आणि आडनावही जातं. त्यांच्या कायद्यात नवऱ्याचं आडनाव लावणं बाईच्या मर्जीवर आहे. आपल्याकडेही कोणताच कायदा सक्ती करत नाही, फक्त हे घराघरांत कुणी बोलत नाही.

आणि अमेरिकन माणसाचं मधलं नाव म्हणजे आईबापांनी हौसेनं दिलेलं दुसरं नाव. वडिलांशी, आईशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्यांचे अध्यक्ष हॅरी एस. ट्रुमन, त्यांच्या ‘एस’ला पूर्ण नावच नव्हतं, दोन्ही आजोबांचा मान राखायला नुसतं अक्षर ठेवलेलं. तिथल्या सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या लेखी कायदेशीर नाव म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव, मधलं त्यात धरतच नाहीत. त्यामुळे तिथल्या कारकुनानं दिलीप गाळला किंवा नुसतं ‘डी.’ लिहिलं तर मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्या दृष्टीनं तो तुझ्या वडिलांना काढून टाकत नसतो. पण आपल्या हातानं जे भरायचं त्यात दिलीप असू दे.

इथे साताऱ्यातलीच गोष्ट सांगते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या गावातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सरकारनं तो दिवस विद्यार्थी दिवस ठरवला तो त्या नोंदीमुळे. पुढे भिवाचा भीमराव झाला. सुभेदार रामजी १९१३च्या फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. जगभरच्या ग्रंथांवर तो ‘बी. आर. आंबेडकर’ आहे. त्यातला ‘आर’ म्हणजे रामजी. साताऱ्याच्या रजिस्टरमधलं मधलं नाव समुद्रापार तसंच गेलं आणि तसंच राहिलं. रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला याचं किती अप्रूप वाटतं ते तुला सांगता येणार नाही.

नाव बदलू नयेच असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्याच जिल्हा परिषदेनं ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं असलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, प्रमाणपत्रं हातात दिली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून असलं नाव. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या मुलींचं नाव शाळेपासून शिधापत्रिकेपर्यंत प्रत्येक कागदावर बदलायला हवं होतं आणि त्यासाठी कितीही हेलपाटे पडले तरी ते सार्थकी लागणारे होते. तुझ्या नावात बदलण्यासारखं काय आहे? वालचंद कॉलेजची पदवी, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, बँक, नोकरीचा अनुभव, सगळं ऋतुजा दिलीप पाटील या नावानं आहे. पासपोर्ट जाधव झाला की हे सगळे कागद एका बाजूला आणि तू दुसऱ्या बाजूला. मग राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्रं, विद्यापीठाकडे अर्ज. आधारवरचं नाव तर आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

सासूबाईंची भीती अशी असणार की आडनाव वेगळं दिसलं तर व्हिसावाले नवरा-बायको मानणार नाहीत. तसं नाही. एच-४साठी नातं सिद्ध होतं ते विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रानं आणि अमोलरावांच्या व्हिसाच्या मंजुरीच्या कागदानं. आडनाव एकच असावं अशी अट नाही. तेव्हा लग्न झाल्या झाल्या १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्या. अर्जात तुझं नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगनं लिही. अमोलरावांचंही तसंच. अर्ज देण्याआधी दोघांनी एकमेकांचे पासपोर्ट समोर ठेवून अक्षर-अक्षर वाचा. पासपोर्टवर पतीचं नाव नोंदवायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो, त्याला स्वतःचं नाव बदलावं लागत नाही.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायचा विधी होईल. तिथे ‘ऋतुजा’च लिहायचं, हे आत्ताच ठरवून टाका. हे मी इतक्या आग्रहानं का सांगते त्याचं कारण तुझ्या घरातच आहे. तुझ्या आईचं माहेरचं नाव सुनंदा, आपल्याकडे आल्यावर सुजाता. तुझा जन्म मिरजेत, आजोळी, त्यामुळे तुझ्या जन्मदाखल्यावर आई ‘सुनंदा’ आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईच्या नावाच्या रकान्यात ‘सुजाता’. आज त्याचा त्रास नाही. पण ग्रीन कार्डच्या वेळी जन्मदाखला मागतात, आणि त्यावर आईवडिलांची नावं लागतात. तिथला अधिकारी विचारेल, या दोन बायका कोण? वहिनीनं हौसेनं घेतलेलं नाव पंचवीस-तीस वर्षांनी मुलीच्या वाटेत येतं, ते असं.

हे काम तू जायच्या आधी मार्गी लाव. वहिनीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घे, तिच्या लग्नाची पत्रिका आणि जुनी शिधापत्रिका सांभाळून ठेव, आणि जन्मनोंदीत दुरुस्ती होते का ते मिरजेत विचार. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा आहे, त्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय पंधराव्या कलमात आहे. नोंदीत बाळाचं नावच नसेल तर चौदावं कलम, ते तुला लागणार नाही, दिलीपनं शाळेत घालताना नाव लावून घेतलेलं मला आठवतं.

स्पेलिंगचंही सांगते. तुझा पासपोर्ट ‘आर-यू’नं सुरू होतो, पण तू ऑफिसच्या ई-मेलमध्ये हल्ली ‘आर-आय’ लिहितेस, उत्तरेकडच्या लोकांना सोपं म्हणून. ते बंद कर. आपण ऋ-चा उच्चार ‘रु’ करतो आणि तसाच लिहितो, यात कमीपणा काही नाही. ज्ञानेश्वरचं ‘डी-एन-वाय’ लिहिणारे आपणच, आणि जगात ते चालून गेलंय. दिलीपचंही एकच ठरव; वीजबिलावर दोन ‘ई’ आहेत, ते बिल पत्त्याचा पुरावा म्हणून वापरू नकोस.

पुढे अमेरिकेत बाळ झालं तर रुग्णालयातच जन्मदाखल्याचा अर्ज भरून घेतात, आणि थकलेल्या अवस्थेत माणूस काहीही लिहून जातं. तेव्हा घाई नको, आधी दोघांनी ठरवून ठेवा. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आता स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. मला हा निर्णय फार आवडला. शेजारच्या नातवाच्या दाखल्यावर आईचं नाव बापाच्या आधी छापलेलं पाहिलं तेव्हा मी तो कागद दोनदा वाचला. तिथे जन्मलेल्या बाळाला हा नियम लागू नाही, पण तुम्हा दोघांना मधल्या रकान्यात काय घालायचं याची मोकळीक आहे. ऋतुजा घातलंत तरी कोण अडवतंय? फक्त नंतर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, कार्डाच्या अर्जात तेच्या तेच लिहा.

विषय काढायला अवघड वाटत असेल तर कराडला मी फोन करते. अमोलरावांच्या आई शिक्षिका होत्या, त्यांना रजिस्टरचं म्हणणं पटेल असं मला वाटतं. तू मात्र या रविवारी मिरजेला जा आणि जन्मदाखल्याची नवी प्रत काढून आण. मला तिचा फोटो पाठव, सुनंदाचं स्पेलिंग काय पडलंय ते बघायचं आहे. दिलीपला सांग, मी पुढच्या आठवड्यात तासगावला येते, प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊनच.

तुझी आत्या