गावच्या घरी उभी असलेली गाडी पुन्हा चालू करताना

परदेशी नोकरी लागली की मालवणच्या घरची गाडी सहसा विकली जात नाही. चतुर्थीला आणि मे महिन्यात ती लागतेच, शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला दारात काहीतरी असावं असं वाटतं. मस्कत, दुबई, लंडन, ऑकलंड इथे बरीच वर्षं राहिलेल्या आमच्या घरांनी या गाड्यांचं दुखणंखुपणं पाहिलेलं आहे. नव्याने बाहेर पडणाऱ्यांसाठी ते एकत्र करून सांगतो आहोत.

आखातात गाडीचा शत्रू ऊन, मालवणात ओल. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि देवबाग-तारकर्लीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा बारमाही. चतुर्थीला आपण पोचतो तेव्हा गाडीने जवळजवळ सगळा पावसाळा काढलेला असतो. मोपाला उतरून किंवा कुडाळ स्टेशनवरून रात्री घरी आलात, तर त्या रात्री किल्ली फिरवू नका. कितीही घाई असो, दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी पाहा.

बॉनेट उघडताना हातात काठी असू द्या. पावसात कोरड्या जागेच्या शोधात साप इंजिनाशी येऊन बसतात, ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात काथ्या आणि पातेरा भरलाय का, वायरी कुरतडल्यात का, ते नीट बघा. एक कुरतडलेली वायर शोधण्यात मेस्त्रीची अख्खी सकाळ जाते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारणीने मातीचं घर केलेलं असतं, ते काढा. जाताना तुम्हीच तिथे फडकं कोंबलं असेल, तर तेही.

आता बॅटरी. बहुतेक जण भावाला किंवा शेजारच्या काकांना सांगून जातात, "दर रविवारी पाच मिनटां गाडी चालू करून ठेव." आमचं स्पष्ट मत आहे की हे सांगू नये. स्टार्टर जेवढा करंट ओढतो, तेवढा पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून येत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं. दर आठवड्याला असं केलं की गाडी जपली जात नाही, हळूहळू झिजते. घरात गाडी चालवणारं माणूस असेल तर पंधरा दिवसांनी कट्ट्यापर्यंत किंवा चौक्याच्या पुढे धामापूरपर्यंत नेऊन आणायला सांगा. तसं कोणी नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि मध्ये कुणालाही हात लावू देऊ नका. परत आल्यावर मीटर लावून बघा: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. शेजारच्या गाडीवरून जंप घ्यायचा झाला तर शेवटची काळी क्लिप आपल्या बंद बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते.

पेट्रोलचं गणित अलीकडे बदललं आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन आधी तळाचंच ओढतं. गाडी वर्षभर उभी असेल तर जुनं पेट्रोल काढून ताजं भरलेलं चांगलं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या स्कूटरचा फ्लोट बाउल रिकामा करून जेट साफ करावा लागतो. नुसत्या किका मारून काही होत नाही. डिझेल गाडीच्या फिल्टरमधलं पाणी काढा.

हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी दमट हवेत हमखास जाम होते, ब्रेक शू ड्रमला धरून बसतात. तसं झालं असेल तर रेस देऊन ओढू नका, मेस्त्रीला चाक उतरवू द्या. क्लचप्लेटही अशीच चिकटते. डिस्कवरचा वरवरचा गंज चार-दोनदा ब्रेक दाबले की जातो, पण ब्रेक ऑइल पाणी शोषतं म्हणून दोन वर्षांनी बदलायलाच हवं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी भेगा पडल्या असतील, तर मुलाबाळांना घेऊन त्या टायरवर घाट उतरू नका.

ऑइल पाहा, ते दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर सुरू करा, मिनिटभर रेस न देता राहू द्या आणि पहिली फेरी गावातच मारा.

कागदांकडे आमच्या लोकांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं कळवून कर आणि विमा थांबवता येतो. ती सवय इथे लावून घेऊ नका. विम्याशिवाय रस्त्यावर आलात तर पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये, आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो. पीयूसी बघा, गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ओरोसच्या आरटीओत वेळेत अर्ज करा. स्वतःचं लायसन्सही तपासा: मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

चतुर्थीच्या आठवड्यात सगळे चाकरमानी एकदम येतात आणि कुठलाही मेस्त्री मोकळा सापडत नाही. म्हणून येण्याआधी पंधरा दिवस त्याला फोन करून ठेवा.

परत जाताना गाडी माडाखाली लावू नका, नारळ आणि चुडतं काचेवर पडतात. मांगरात किंवा पडवीत हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये, चाकांना चिऱ्याचे तुकडे लावून ठेवा. वर प्लास्टिक नको, त्याच्या आत घाम धरून पत्रा गंजतो. सुती कव्हर घाला. खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच गाडी आत घ्या. बॅटरी कधी काढली, ऑइल कधी बदललं, विमा कधी संपतो, हे एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि त्याचा फोटो घरच्यांना पाठवा.