मुंबईची वस्तुसंग्रहालये : सहल की धम्मयात्रा?

काही वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहातील विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. साठ मुले, तीन शिक्षक आणि हाताशी जेमतेम तासाभराचा अवधी. मुलांची रांग एका दालनातून दुसऱ्या दालनात पुढे सरकत होती. इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी मात्र भाजलेल्या मातीच्या एका बुद्धमूर्तीसमोर थबकला. पायांतील चपला काढून त्याने हातात घेतल्या होत्या. आम्हाला पाहून त्याने हळूच विचारले, "सर, इथं हात जोडायचे की नुसतं बघायचं?" तेवढ्यात शिटी वाजली, रांग पुढे सरकली आणि प्रश्न तेथेच राहिला. त्या दिवशी आम्ही साठ मुलांना संग्रहालय दाखवले खरे. परंतु त्यांतील एकालाही ते पाहू दिले नाही, ही रुखरुख आजही आमच्या मनात आहे. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

विहारातील मूर्ती ही स्मरणासाठी असते. संग्रहालयातील मूर्ती हा पुरावा असतो. ती कोणी घडवली, कोणासाठी घडवली, कोठे सापडली आणि येथवर कशी आली, हे चार प्रश्न तिला विचारावयाचे असतात. त्या मुलासमोरची मूर्ती सिंध प्रांतातील मीरपूर खास येथील स्तूपाची होती. हे स्थळ आज पाकिस्तानात आहे. परंतु 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणून तेथील उत्खननात निघालेली मातीची शिल्पे मुंबईस आली. म्हणजे मूर्ती जागची हलली ती राज्यकारभारामुळे, आणि पुढे सीमा बदलल्या तरी ती येथेच राहिली. एका मूर्तीपाशी दहा मिनिटे थांबले, तर इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय एकाच वेळी शिकता येतात.

याच संग्रहालयात एक ओबडधोबड, तुटका दगड आहे. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर त्यावरून सहज घसरून जाते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो 1882 मध्ये सोपारा येथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश कोरलेला आहे. या शिलालेखाचा आशय आपल्या प्रत्येक शालेय सहलीपूर्वी वाचून दाखवावा असा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना, म्हणजे शिकार आणि मौजेच्या प्रवासांना, निघत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी जाऊन त्या जागी धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांची भेट, दानधर्म, खेड्यापाड्यांतील लोकांशी संवाद आणि धम्मविषयक चर्चा हे या यात्रेचे कार्य. सहल आणि यात्रा यांतील भेद सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावरील एका बंदरात दगडावर कोरून ठेवला गेला, आणि आम्ही मुलांना घाईघाईने त्याच्यासमोरून पुढे नेले!

सोपाऱ्याची हकीकत एवढ्यावर संपत नाही. त्याच वर्षी पंडित भगवानलाल यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. स्तूपाच्या गर्भात दगडी करंडक निघाला. त्याच्या आत एकात एक बसवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक होते. सभोवती आठ लहान कांस्यमूर्ती होत्या. सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मात्र रत्ने नव्हती. मातीच्या भांड्याचे काही तुकडे होते. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपले गेले होते. सोन्याच्या आत माती ठेवणाऱ्या त्या माणसांचे मूल्यभान मुलांना समजावून सांगण्यास वेगळ्या प्रवचनाची गरज नाही. हे करंडक फोर्टमधील एशियाटिक सोसायटीकडे आहेत. 1804 मध्ये स्थापन झालेली ही विद्वत्सभा 1833 मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या वास्तूत आहे. ते नित्याचे प्रदर्शन नसल्यामुळे आधी चौकशी करूनच जावे.

भायखळ्याच्या उद्यानालगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने ते लोकांसाठी खुले झाले आणि 1975 मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. भाऊ दाजी हे व्यवसायाने वैद्य, परंतु प्राचीन लेखांचे जाणकार. अजिंठ्याच्या शिलालेखांच्या वाचनात त्यांचा मोठा वाटा आहे. या संग्रहालयात मुंबईतील विविध समाज, पेहराव आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. त्या पाहताना मुलांना अवश्य विचारावे : यांत आपले आजोबा-पणजोबा कोठे आहेत? ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांना काचेच्या कपाटात कोणती जागा मिळाली आणि कोणती मिळाली नाही? संग्रहालयात काय ठेवले आहे हे पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच काय ठेवलेले नाही हे पाहणेही महत्त्वाचे. वास्तूबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत भंगला आणि 1914 मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. वारसा कसा हलवला जातो, कसा मोडतो आणि कसा सांधावा लागतो, याचा हा उघड्यावरील धडा होय.

फोर्टमध्येच रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. तेथे प्राचीन आहत नाण्यांपासून आजच्या चलनापर्यंतचा प्रवास क्रमाने मांडला आहे. हा प्रवास पाहून मुलांना सांगावे, की बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, तो 1923 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि 1925 मध्ये भारतीय चलनाविषयी नेमलेल्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. बाबासाहेबांना केवळ संविधानाच्या चित्रात पाहण्याची सवय झालेल्या मुलांना नाण्यांच्या कपाटासमोर त्यांची दुसरी ओळख होते.

गावदेवीच्या मणिभवनात 14 ऑगस्ट 1931 रोजी बाबासाहेब आणि गांधीजी यांची पहिली भेट झाली. दोघांची मते जुळली नाहीत. म्हणूनच ती वास्तू पाहावी. मतभेदाच्या जागाही इतिहासाच्याच जागा असतात. तेथून दादरला हिंदू कॉलनीतील 'राजगृह' गाठावे. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव धारण करणारे हे घर बाबासाहेबांनी ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून बांधले. त्याच्या तळमजल्यावर त्यांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. दरवर्षी 6 डिसेंबरला आपल्यापैकी असंख्य कुटुंबे चैत्यभूमीला येतात, अभिवादन करतात आणि मिळेल त्या गाडीने परततात. त्या गर्दीत सर्व काही पाहणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. परंतु वर्षातून आणखी एक दिवस, गर्दी नसताना, मुलाचे बोट धरून या शहरात यावे, अशी पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे.

शहराच्या उत्तरेस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांना छप्पर नसलेले संग्रहालय म्हणावे. डोंगरावरचे पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत साठवण्याची तेथील योजना पाणीटंचाई सोसलेल्या गावच्या मुलांना चटकन कळते. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांच्या दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्षुणीही आहेत. ही लेणी केवळ राजांच्या खजिन्यातून नव्हे, तर सामान्यांच्या दानातून उभी राहिली. लोकवर्गणीतून चालणाऱ्या आपल्या वसतिगृहाची वंशावळ तेथवर पोहोचते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा भेटींसाठी आम्ही आता तीन नियम पाळतो. एका दिवशी एकच संग्रहालय. प्रत्येक मुलाने पाचच वस्तू निवडावयाच्या. त्यांतील एकीचे चित्र काढावयाचे आणि तिच्याविषयी न सुटलेला एक प्रश्न वहीत लिहावयाचा. परतल्यावर ते प्रश्न वर्गात वाचावयाचे. उत्तर शिक्षकाला येत नसेल तर तसे कबूल करून सर्वांनी मिळून शोधावयाचे. निघण्यापूर्वी साप्ताहिक सुटीची खातरजमा करावी. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी आणि बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते.

चपला हातात घेऊन उभा असलेला आमचा तो विद्यार्थी आज माजी विद्यार्थी म्हणून ही स्मरणिका वाचत असेल. त्याला आमचे उत्तर असे : बाळा, हात जोडावेसे वाटले तर जरूर जोड, त्यात संकोच नको. पण चपला पायांत घाल, कारण येथे बराच वेळ उभे राहावयाचे आहे. आधी नीट पाहा, मूर्तीखालची पाटी वाच, प्रश्न विचार. तथागतांनी कोणतीही गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नका असेच शिकवले. आणि आता तुला मूल असेल, तर त्याला घेऊन पुन्हा त्या मूर्तीसमोर जा. या वेळी शिटी वाजवायला आम्ही तेथे असणार नाही.