साठी बुद्धी नाठी? घरातील ज्येष्ठांमधले बदल वेळीच ओळखूया



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण वर्गात शिकवतो आणि घरीही सहज वापरतो. पण या म्हणीआड एक आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. तो म्हणजे स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया. हे नुसतं ‘वय झालं’ नव्हे, हा मेंदूचा आजार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

साधा विसर की आजार?

बाजारातून सांबार आणायचा राहिला, मग आठवलं. हा साधा विसर. पण आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या आजीला वरणाला फोडणी कशी द्यायची हेच सुचेना, रोज अंबादेवीला जाणाऱ्या आजोबांना राजकमल चौकातून घरचा रस्ता सापडेना, कापसाचा हिशेब तोंडी करणाऱ्याला सुटे पैसे मोजता येईनात, तर सावध व्हा. तुलना शेजारच्या म्हाताऱ्यांशी करू नका. तो माणूस आधी कसा होता, त्याच्याशीच करा.

स्वभाव बदलतो तेव्हा

घरच्यांना पुष्कळदा आधी दिसतो तो बदललेला स्वभाव. शांत माणूस शिव्या देऊ लागतो. आंघोळ टाळतो. दिवेलागणीला बेचैन होऊन ‘मले घरी जाचं हाये’ म्हणतो. जेवण झाल्यावरही ‘मले जेवाले नाई देल्लं’ अशी तक्रार करतो. ‘माये पैसे सुनंनं चोरले’ हा आरोप तर घर फोडतो. आजी खोटं बोलत नसते. पैसे आपणच कुठे ठेवले हे तिला आठवत नाही आणि ती रिकामी जागा संशय भरून काढतो.

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं. त्यांच्यात सर्वांत आधी दिसलेला बदल होता नवऱ्यावरचा संशय! १९०६ मध्ये त्या वारल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली. पुढे १९१० मध्ये या आजाराला ‘अल्झायमर’ हे नाव मिळालं. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच.

अचानक झालं तर थांबू नका

स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांतच माणूस बरळू लागला, तर उष्माघात, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवीचा जंतुसंसर्ग असं काही असू शकतं. अकोल्याच्या मे महिन्यात हे विशेष लक्षात ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळूहळू झालेला विसरही कधी बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्यामुळे असतो आणि उपचारांनी सुधारतो. म्हणून तपासणी हवीच.

आपण काय करावं?

१) पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा : काय झालं, कधी, किती वेळा. डॉक्टरांना तीच दाखवा.
२) वाद घालू नका. ‘मी काहून चोरीन?’ याऐवजी ‘चाला आई, आपण दोघी पाहू’ म्हणा.
३) अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय इथे मनोविकार विभागात दाखवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी मदतवाहिन्या आहेत.
४) आजार लवकर कळला तर बँक, सातबारा, औषधं यांची व्यवस्था त्यांच्याच संमतीने करता येते. बहुतेक प्रकारांत हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण जगणं सुसह्य करता येतं.

मुलांना काय सांगावं?

‘आजी येड्यावानी करते’ असं एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला रागावू नका. घरातला बदल कदाचित त्याच्याच नजरेस आधी पडला असेल. आजी आजारी आहे, तिची चेष्टा करायची नाही, एवढं त्याला नक्की समजतं. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. मुलांना जुने फोटो घेऊन आजीजवळ बसवा, जात्यावरच्या ओव्या विचारायला सांगा.

येत्या पालकसभेत पाच मिनिटं या विषयाला द्या. कोण्या तरी घरातली सून विनाकारण चोर ठरायची वाचेल आणि म्हातारीला वेळेत दवाखाना दिसेल.